आयत अन्-नूर

आयत अन्-नूर (प्रकाशाची आयत) ही कुराणाच्या चोविसाव्या अध्यायातील, म्हणजे ‘सूरा अन्-नूर’मधील, पस्तिसावी आयत होय. अल्लाह हा आकाशांचा व पृथ्वीचा प्रकाश आहे, या विधानाने ती सुरू होते आणि लगेच त्या प्रकाशासाठी कोनाड्यातील दिव्याचा दृष्टान्त देते. ईश्वरासारखे काहीही नाही (४२:११), असे निक्षून सांगणाऱ्या ग्रंथात ईश्वराविषयी अशी भाषा यावी, या गोष्टीने भाष्यकारांना पहिल्या पिढ्यांपासून विचारात पाडले. त्यामुळे या आयतीचा अर्थ लावताना एका दृष्टान्ताची फोड करून भागत नाही. माणसाच्या भाषेत ईश्वराविषयी कितपत बोलता येते, हेही ठरवावे लागते. हदीसकार, व्याकरणकार, तत्त्वज्ञ आणि सूफी या सर्वांनी या आयतीवर लिहिले असून त्यांची उत्तरे एकमेकांशी क्वचितच जुळतात.

अध्यायातील स्थान

सूरा अन्-नूर ही ६४ आयतींची असून ती मदिना येथील काळातील मानली जाते. तिचा बराचसा भाग कौटुंबिक व सामाजिक नियमांचा आहे. व्यभिचाराची शिक्षा, खोटा आळ घेणाऱ्यांची शिक्षा, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यावर घेतल्या गेलेल्या आळाचे प्रकरण, परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात न शिरणे, नजर खाली ठेवणे, अविवाहितांचे विवाह लावून देणे असे विषय ३३ व्या आयतीपर्यंत येतात. ३४ व्या आयतीत स्पष्ट निशाण्या व उपदेश पाठवल्याचा उल्लेख आहे, आणि लगेच प्रकाशाची आयत सुरू होते. घरगुती कायद्याच्या मधोमध हे एकदम आलेले वर्णन प्रथम वाचणाऱ्याला अनपेक्षित वाटते. अध्यायाला नाव मात्र याच आयतीवरून मिळाले आहे.

पुढच्या आयती तिच्याशी जोडूनच वाचाव्या लागतात. ३६ व ३७ व्या आयतींत, ज्या घरांत सकाळ-संध्याकाळ ईश्वराचे स्मरण होते आणि व्यापारउदीमही ज्यांना त्या स्मरणापासून ढळवत नाही अशा माणसांचे वर्णन आहे. अरबी वाक्यरचनेनुसार ‘घरांत’ हे शब्द मागील आयतीतील दिव्याला जोडता येतात. तसे केल्यास तो दिवा याच घरांत तेवतो असा अर्थ होतो. बहुतेक भाष्यकारांच्या मते ही घरे म्हणजे मशिदी. ३९ व ४० व्या आयतींत याच्या उलट दोन चित्रे आहेत : तहानलेल्याला पाणी वाटणारे वाळवंटातील मृगजळ, आणि लाटांवर लाटा व वर ढग असलेल्या खोल समुद्रातील अंधार, जिथे स्वतःचा हातही दिसत नाही. ज्याला ईश्वराने प्रकाश दिला नाही त्याला प्रकाश नाही, या आशयाच्या शब्दांनी ती मालिका संपते. ‘प्रकाशावर प्रकाश’ आणि ‘अंधारावर अंधार’ ही जोडी लक्षात घेतली नाही, तर ३५ व्या आयतीचे निम्मे बळ हरवते. कुराणात ‘नूर’ हा शब्द नेहमी एकवचनी आणि अंधारासाठीचा ‘झुलुमात’ हा नेहमी अनेकवचनी येतो, याकडेही जुन्या भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे.

आशय आणि शब्द

आयतीतील चित्र बाहेरून आत जाते. आधी कोनाडा, त्यात दिवा, दिव्याभोवती काच, आणि ती काच चमकत्या ताऱ्यासारखी. दिवा ज्या तेलावर जळतो ते जैतुनाच्या (ऑलिव्ह) पवित्र वृक्षाचे आहे. हा वृक्ष पूर्वेचाही नाही आणि पश्चिमेचाही नाही, आणि त्याचे तेल विस्तवाचा स्पर्श होण्यापूर्वीच जणू उजळू पाहते. प्रकाशावर प्रकाश असे सांगून, ईश्वर ज्याला इच्छितो त्याला आपल्या प्रकाशाकडे नेतो आणि माणसांसाठी दृष्टान्त देतो, असे म्हणत आयत पूर्ण होते.

कोनाड्यासाठी आलेला ‘मिश्कात’ हा शब्द मूळचा हबशी (इथिओपियातील) असल्याचे जुन्या अरबी भाषापंडितांनीच नोंदवले आहे. त्यांच्या व्याख्येनुसार मिश्कात म्हणजे आरपार नसलेला, एका बाजूने बंद असलेला कोनाडा. ही बाब दृष्टान्ताला महत्त्वाची आहे. बंद कोनाड्यात प्रकाश विखुरत नाही, तो गोळा होऊन एकाच दिशेने बाहेर पडतो. वाऱ्यापासूनही दिव्याचे रक्षण होते.

ताऱ्याच्या विशेषणाचे मान्य पाठांत वेगवेगळे उच्चार आढळतात. ‘दुर्री’ असे वाचल्यास ते ‘दुर्र’ म्हणजे मोती या शब्दाशी जोडले जाते. हम्झा जोडून ‘दिर्री’ असे वाचल्यास त्याचा संबंध दूर लोटणे या अर्थाच्या धातूशी लागतो. मग तारा मोत्यासारखा नसून अंधाराला मागे सारणारा ठरतो.

‘ना पूर्वेचा, ना पश्चिमेचा’ या शब्दांचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण अगदी शेतकऱ्याच्या अनुभवातले आहे. उघड्या माळावर किंवा टेकडीवर वाढलेल्या झाडाला सकाळपासून सायंकाळपर्यंत ऊन मिळते. डोंगराच्या एका अंगाला असलेल्या झाडाप्रमाणे त्याच्या वाट्याला अर्धाच दिवस येत नाही, म्हणून त्याचे तेल निर्मळ असते. हसन अल्-बसरी यांच्या नावावर नोंदलेले मत वेगळे आहे. हे झाड पृथ्वीवरचे असते तर ते पूर्वेचे किंवा पश्चिमेचे असतेच. ज्याअर्थी ते दोन्ही नाही त्याअर्थी ते या जगातले नाही, केवळ दृष्टान्तातले आहे.

‘अल्लाह प्रकाश आहे’ या विधानाचे अर्थ

मुख्य वाद पहिल्या वाक्याचा आहे. पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांच्याकडून आलेल्या स्पष्टीकरणानुसार येथे प्रकाश म्हणजे मार्गदर्शक : आकाशांत व पृथ्वीवर राहणाऱ्यांना वाट दाखवणारा. मुजाहिद यांच्या मते विश्वाचा कारभार चालवणारा, तर इतर काहींच्या मते सूर्य, चंद्र व तारे यांच्याद्वारे उजेड देणारा. इसवी सन ९२३ मध्ये निधन पावलेले भाष्यकार अत्-तबरी यांनी ही मते नोंदवून पहिल्या अर्थाची निवड केली. आधीच्या आयतीत उपदेशाचा उल्लेख असल्याने हा अर्थ संदर्भाशी जुळतो.

मुअतझिली भाष्यकार अझ्-झमख्शरी (निधन ११४४) यांनी प्रश्न व्याकरणाने सोडवला. एखाद्या दानशूर माणसाला आपण ‘तो म्हणजे साक्षात औदार्य’ असे म्हणतो आणि लगेच ‘तो आपल्या औदार्याने लोकांना जगवतो’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस आणि गुण एक झालेले असतात, दुसऱ्यात ते वेगळे होतात. आयतीतही आधी ‘अल्लाह प्रकाश आहे’ आणि मग ‘त्याच्या प्रकाशाचा दाखला’ असे शब्द येतात. म्हणून अल्लाह हा प्रकाशाचा धनी आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि तो प्रकाश म्हणजे सत्य. फख्रुद्दीन अर्-राझी (निधन १२१०) यांनी यापुढे जाऊन तार्किक आक्षेप मांडले. डोळ्यांना दिसणारा प्रकाश एक तर पदार्थ असतो किंवा पदार्थाचा गुण; तो येतो आणि जातो. शिवाय अंधार व प्रकाश ईश्वराने निर्माण केले, असे कुराणातच अन्यत्र (६:१) म्हटले आहे. निर्माण झालेली वस्तू निर्माता कशी असेल?

या युक्तिवादाने सर्वांचे समाधान झाले नाही. हंबली विद्वान इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांच्या मते ‘नूर’ हे ईश्वराचे खरेखुरे नाव व गुण आहे. निर्मित प्रकाश वेगळा आणि ईश्वराचा प्रकाश वेगळा, पण केवळ भीतीपोटी शब्दाचा अर्थच बदलणे त्यांना मान्य नव्हते. या बाजूला हदीसांचाही आधार होता. पैगंबरांच्या रात्रीच्या प्रार्थनेत ईश्वराला आकाशांचा व पृथ्वीचा प्रकाश असे संबोधल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. अबू झर यांनी ‘आपण ईश्वराला पाहिले का?’ असे विचारले असता, तो प्रकाश आहे, मग तो दिसणार कसा, अशा अर्थाचे उत्तर पैगंबरांनी दिल्याची नोंद मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. ईश्वराच्या ९९ नावांच्या प्रसिद्ध यादीत ‘अन्-नूर’ हे नावही आहे.

‘त्याचा’ म्हणजे कोणाचा?

‘त्याच्या प्रकाशाचा दाखला’ यातील सर्वनामावरही मतभेद आहेत. ते अल्लाहकडे जाते हा साधा अर्थ. परंतु पैगंबरांचे सहकारी उबय्य इब्न कअब यांच्या पाठात येथे श्रद्धावंताचा स्पष्ट उल्लेख असल्याचे तबरी नोंदवतात. त्यानुसार कोनाडा म्हणजे श्रद्धावंताची छाती आणि दिवा म्हणजे तिथे असलेली श्रद्धा व कुराण. हा अर्थ स्वीकारला की ईश्वराला उपमा देण्याची अडचणच उरत नाही, कारण उपमा ईश्वराला नसून माणसाच्या अंतःकरणाला आहे. आठव्या शतकातील मुकातिल इब्न सुलैमान यांनी दिव्याचा संबंध मुहंमद पैगंबरांशी जोडला. पुढे सहल अत्-तुस्तरी यांच्यासारख्या सूफींच्या विचारात ‘मुहंमदी प्रकाशा’ची कल्पना विस्तारली. शिया परंपरेत ‘अल्-काफी’ या संग्रहात इमाम जाफर अस्-सादिक यांच्या नावाने आलेल्या स्पष्टीकरणानुसार कोनाडा म्हणजे हजरत फातिमा होत, आणि दिव्याचा संबंध त्यांच्या पुत्रांशी, हसन व हुसेन यांच्याशी आहे.

तत्त्वज्ञ आणि सूफी

इब्न सीना (निधन १०३७) यांनी ‘अल्-इशारात वत्-तन्बीहात’ या ग्रंथात आयतीतील प्रत्येक वस्तू मानवी बुद्धीच्या एकेका पायरीला लावली. कोनाडा म्हणजे अजून काहीच न शिकलेली, केवळ क्षमतेच्या रूपातील बुद्धी. काच म्हणजे मूलतत्त्वे आत्मसात केलेली बुद्धी. जैतून म्हणजे विचार, तेल म्हणजे अंतःस्फूर्ती. आणि विस्तव म्हणजे मानवी बुद्धीला बाहेरून चेतवणारी ‘क्रियाशील बुद्धी’. विस्तवाविना उजळू पाहणारे तेल म्हणजे शिकवण्याची फारशी गरज नसलेली पवित्र प्रतिभा, जी पैगंबरांच्या ठायी असते.

अल्-गझाली (१०५८–११११) यांनी तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली असली, तरी ‘मिश्कात अल्-अन्वार’ या त्यांच्या पुस्तकातील मांडणी इब्न सीना यांच्या वाटेनेच जाते. त्यांनीही पाच वस्तूंना पाच शक्ती लावल्या : इंद्रियज्ञान, कल्पना, बुद्धी, विचार आणि पैगंबरांची पवित्र शक्ती. परंतु त्यांचे खरे योगदान पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे. इतर भाष्यकार ईश्वराला प्रकाश म्हणणे हे रूपक मानतात. गझाली नेमके उलटे म्हणतात. प्रकाश म्हणजे जो स्वतः प्रकट असतो आणि इतरांना प्रकट करतो. दिव्याचा उजेड उसना असतो, डोळ्याची दृष्टीही उसनी असते. ज्याचे अस्तित्व स्वतःचे आहे असा एकच आहे. तेव्हा ‘प्रकाश’ हा शब्द खऱ्या अर्थाने ईश्वरालाच लागू पडतो आणि सूर्याला प्रकाश म्हणणे हेच रूपक ठरते. राझी यांनी स्वतःच्या भाष्यात या विवेचनाला विस्ताराने जागा दिली. हलब (अलेप्पो) येथे ११९१ मध्ये मृत्युदंड झालेले सुहरावर्दी यांनी तर प्रकाशाच्या उतरंडीवर आपले संपूर्ण ‘इश्राक’ दर्शन उभारले, आणि सतराव्या शतकात इराणातील मुल्ला सद्रा यांनी या एका आयतीवर स्वतंत्र भाष्य लिहिले.

प्रत्येक वस्तूला एकेक अर्थ चिकटवण्याची ही पद्धत इब्न कय्यिम यांना ओढूनताणून केलेली वाटे. संपूर्ण चित्राची संपूर्ण आशयाशी तुलना करावी, सुटे भाग जुळवत बसू नये, ही रीत त्यांनी अधिक जवळची मानली. कोनाडा म्हणजे छाती, इंद्रिये, फातिमा की कोरी बुद्धी यावर झालेले मतभेद पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

वास्तू आणि कलावस्तू

इजिप्त व सीरियातील मामलुक राजवटीत (तेरावे ते सोळाव्या शतकाचा आरंभ) मशिदींसाठी मीनाकारी केलेले काचेचे दिवे बनवले जात. त्यांपैकी अनेकांच्या गळ्यावर या आयतीचा आरंभीचा भाग लिहिलेला आहे. काचेतील दिव्याविषयीचे शब्द दिव्याच्याच काचेवर असत. इस्तंबूलच्या आयासोफियाच्या मुख्य घुमटाच्या आत ही आयत वर्तुळाकार लिहिलेली असून ते काम एकोणिसाव्या शतकातील उस्मानी सुलेखनकार काझस्कर मुस्तफा इझ्झत एफेंदी यांचे आहे. गुजरातमधील खंभात येथे चौदाव्या शतकात घडवलेल्या संगमरवरी कबरशिळांवर कमानीत टांगलेला दिवा कोरलेला आढळतो. अभ्यासक त्याचा संबंध या आयतीशी जोडतात.

मराठी भाषेत

आयतीतील शब्दांना मराठीत प्रतिशब्द देताना ‘प्रकाश’ हाच सोयीचा ठरतो. ‘तेज’ म्हटले की ते पंचमहाभूतांपैकी एक होते, आणि निर्मित वस्तू निर्माता कशी, हा राझींचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. ‘ज्योत’ म्हटले तर ती दिव्यापुरती उरते. ‘मिश्कात’साठी मात्र मराठीत नेमका शब्द आहे : जुन्या घरांच्या जाड भिंतींत दिवा ठेवण्यासाठी असलेली, आरपार नसलेली देवळी. खुद्द ‘नूर’ हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला, पण त्याचा अर्थ बदलला. मराठीत तो चेहऱ्यावरची कळा किंवा एखाद्या प्रसंगाचा रंग दाखवतो, जसे चेहऱ्याचा नूर उतरणे, सभेचा नूर पालटणे.