लहान खोलीच्या होम थिएटरसाठी रिसीव्हर : वॅटच्या आकड्यापलीकडे काय पाहावे

भिलाई (छत्तीसगड) : भिलाई पोलाद प्रकल्पाच्या टाउनशिपमधील क्वार्टर असो वा सुपेला, दुर्ग येथील स्वतःचे घर, बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्याचा टीव्ही ही आता नवलाई राहिलेली नाही. मात्र टीव्ही जसजसा पातळ होत गेला, तसतशी त्यातील स्पीकरची जागा आक्रसत गेली. चित्र चित्रगृहाच्या तोडीचे आणि संवाद पुटपुटल्यासारखे, अशी अनेक घरांची अवस्था आहे. मर्यादित खर्चात यावर उपाय शोधणारे कुटुंब अखेर एव्ही रिसीव्हरपाशी येते आणि तेथे खोक्यावरील वॅटचा आकडा पाहून निर्णय घेते. लहान खोलीसाठी हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो.

रिसीव्हर एकाच पेटीत तीन कामे करतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर यांचे संकेत तो स्वीकारतो. त्यांतील डॉल्बी किंवा डीटीएस ध्वनीची उकल करून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढतो. आणि तो वाटा वर्धित करून स्पीकरपर्यंत पोहोचवतो. ‘५.१’ या संज्ञेतील पाच म्हणजे समोरचे दोन, मधला एक आणि बाजूचे किंवा मागचे दोन स्पीकर. ‘पॉइंट वन’ म्हणजे केवळ खर्जातील आवाजासाठी असलेला सबवूफर. चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे ज्या घराची तक्रार संवाद कळत नसल्याची आहे, तेथे सर्वाधिक लक्ष या एका स्पीकरकडे द्यावे लागते.

शक्तीच्या आकड्यांचा गोंधळ जुना आहे. भारतीय बाजारपेठेत एकेकाळी टेप रेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॅटचे आकडे छापले जात. मोजणीची सर्वमान्य पद्धत नसल्याने या आकड्याला तांत्रिक अर्थ नव्हता. अमेरिकेत अशाच अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अँप्लिफायरच्या शक्तीचा दावा कसा करावा याचा नियम केला. तरीही एकाच यंत्राचे अनेक आकडे आजही कायदेशीरपणे सांगता येतात. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या प्राथमिक श्रेणीतील ५.१ रिसीव्हरचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या तांत्रिक माहितीपत्रकात ७०, १०० आणि १३५ वॅट असे तीन आकडे आढळतात. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण श्राव्य पट्ट्यात, दोन वाहिन्या चालू असताना आणि ०.०९ टक्के विरूपणात मिळतात ते ७० वॅट. केवळ १ किलोहर्ट्झवर मोजले की १०० वॅट. एकच वाहिनी चालवून १० टक्के विरूपण मान्य केले की १३५. यंत्र तेच, मोजपट्टी वेगळी. दोन कंपन्यांच्या रिसीव्हरची तुलना करायची असेल, तर दोन्हींचा पहिल्या प्रकारचा आकडा शोधावा आणि तो किती ओहमवर दिला आहे हेही पाहावे. पाचही वाहिन्या एकाच वेळी चालतात तेव्हा प्रत्येकीला मिळणारी शक्ती त्याहूनही कमी असते. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर ही बाब सहसा नमूद नसते.

प्रत्यक्षात किती शक्ती लागते? १२ बाय १४ फुटांची खोली आणि स्पीकरपासून तीन मीटरवर बसलेला प्रेक्षक गृहीत धरू. स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल असेल, तर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या जागेत तीन मीटरवर तो साधारण साडेअठ्ठ्याहत्तर डेसिबल उरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे घट याहून कमी होते. घरात चित्रपट पाहताना ७५ डेसिबलची सरासरी पातळी पुरेशी ठरते, म्हणजे बहुतेक वेळ रिसीव्हर एका वॅटहूनही कमी शक्ती खर्च करीत असतो. स्फोट, ढोल, गडगडाट अशा क्षणी आवाज २० डेसिबलने उसळला, तरी लागणारी शक्ती सुमारे ४५ वॅट. शक्ती दुप्पट केल्याने केवळ तीन डेसिबलची वाढ होते आणि आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी ती जवळपास दहापट करावी लागते. ७० ऐवजी १०० वॅटचा रिसीव्हर घेतल्यास हाती येतो दीड डेसिबलचा फरक, जो बहुतेकांना जाणवणारही नाही. उलट ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर निवडले, तर दुप्पट शक्तीच्या रिसीव्हरइतका लाभ होतो. म्हणून रकमेचा मोठा वाटा स्पीकर आणि सबवूफरकडे वळवणे शहाणपणाचे ठरते.

घरात जुना ‘होम थिएटर’ संच असेल, तर त्याचे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडण्याचा मोह होतो. येथे सावध राहणे आवश्यक आहे. अशा अनेक संचांतील स्पीकर तीन किंवा चार ओहमचे असतात, तर प्राथमिक श्रेणीतील बरेच रिसीव्हर किमान सहा ओहमसाठी बनवलेले असतात. रोध कमी झाला की विद्युत प्रवाह वाढतो, यंत्र तापते आणि संरक्षक यंत्रणा त्याला बंद करते. ती वेळेवर चालली नाही तर नुकसानही होते. जुन्या संचाच्या सबवूफरची अडचण निराळी आहे. स्वस्त रिसीव्हर सबवूफरसाठी केवळ संकेत देतो, शक्ती देत नाही. त्याला स्वतःचा अँप्लिफायर आणि विजेची जोडणी असलेला ‘अ‍ॅक्टिव्ह’ सबवूफरच लागतो.

जोडणीच्या बाबतीत एचडीएमआयच्या ‘एआरसी’ या सुविधेला प्राधान्य द्यावे. २००९ मधील १.४ आवृत्तीपासून आलेल्या या सुविधेमुळे टीव्हीवरील ॲपचा आवाज त्याच तारेने उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो. ओटीटी मंचांचा ५.१ ध्वनी बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या संक्षेपित स्वरूपात असतो आणि तो एआरसीतून जाऊ शकतो. ब्ल्यू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडीसारखा असंक्षेपित दर्जाचा ध्वनी टीव्हीमार्गे नेण्यासाठी २०१७ मधील २.१ आवृत्तीसोबत आलेली ‘ईएआरसी’ लागते. घरात डिस्क नसतील, तर केवळ ईएआरसीसाठी वरच्या श्रेणीत जाण्याचे कारण उरत नाही. वापरलेला रिसीव्हर घेणाऱ्यांनी एचडीसीपी २.२ तपासावे. ती नसल्यास फोर-के सेट-टॉप बॉक्सचे चित्र रिसीव्हरमधून पुढे जात नाही. मात्र बॉक्स थेट टीव्हीला आणि केवळ आवाज एआरसीने रिसीव्हरला, अशी मांडणी केली की जुने यंत्रही उपयोगी पडते. चित्रगृहांत २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसला छतातील किंवा उंचीवरील स्पीकर व किमान सात वाहिन्या लागतात. लहान अंदाजपत्रकात तो विचार बाजूला ठेवलेला बरा.

भिलाईच्या घरांचे काही प्रश्न वेगळे आहेत. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून हा प्रकल्प उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांसाठी सेक्टरवार वसलेल्या टाउनशिपमधील क्वार्टर नोकरीबरोबर येते आणि सहसा निवृत्तीबरोबर सोडावे लागते. भिंती फोडून तारा नेण्यावर किंवा छतात स्पीकर बसवण्यावर केलेला खर्च मागे राहतो. भिंतीच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून तारा आणि स्टँडवरील स्पीकर हा मार्ग अशा कुटुंबांना सोयीचा. संच जसाच्या तसा नव्या घरी हलवता येतो. रक्कम आज अपुरी असेल, तर ५.१ रिसीव्हर घेऊन समोरचे तीन स्पीकर आधी जोडावेत. मागचे दोन आणि सबवूफर पुढे घेता येतात. साउंडबारमध्ये अशी टप्प्याटप्प्याने वाढ बहुधा शक्य नसते, जरी तारांच्या जंजाळातून तो सुटका करतो हे खरे.

शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेल्या घरात सबवूफर सर्वाधिक वादाचा. खर्जाचा आवाज विटांच्या भिंतीतूनही पार होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी ध्वनिसंचाचा आवाज आवाराच्या सीमेवर त्याहून पाच डेसिबलपेक्षा अधिक वाढू नये, असेही हे नियम सांगतात. त्यामुळे रात्रपाळी-दिवसपाळीच्या गावात रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ ही शोभेची सुविधा ठरत नाही. ती स्फोटाचा आवाज दाबते आणि हलका संवाद वर आणते.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या भागात रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नये. वरच्या जाळीवर हातभर मोकळी जागा असावी, त्यावर सेट-टॉप बॉक्स वा रुमाल नको, आणि धूळ नियमित काढावी. जोडणीनंतर स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज आला, तर यंत्र सदोष ठरवण्यापूर्वी केबल टीव्हीची तार काढून पाहावी. अनेकदा दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकात असतो.

परदेशातील आप्तांकडून स्वस्तात यंत्र मागवणाऱ्यांनी मागील पट्टी वाचणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेसाठीचे यंत्र १२० व्होल्टवर, जपानसाठीचे १०० व्होल्टवर चालते, तर भारतातील पुरवठा २३० व्होल्टचा आहे. चुकून थेट जोडल्यास यंत्र क्षणात निकामी होऊ शकते. जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरला की वाचलेली रक्कम बरीचशी संपते, आणि अशा यंत्राला भारतातील वॉरंटी सहसा लागू होत नाही. देशात विकल्या जाणाऱ्या यंत्रावर आयएस ६१६ हे सुरक्षा मानक आणि भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र भिलाई-दुर्गमध्ये आहे की सात-आठ किलोंची पेटी घेऊन रायपूर गाठावे लागेल, हे दुकानातच विचारून घ्यावे आणि यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा.