कात्री कोणाच्या हातात? कमी पैशांच्या सिनेमाची सव्वाशे वर्षे

१/
चित्रपटाच्या इतिहासात कॅमेऱ्याला मोठा मान आहे. त्याची छायाचित्रे ग्रंथांत छापली जातात, तो संग्रहालयात काचेआड ठेवला जातो. परंतु ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांची खरी अडचण कॅमेरा हाती आल्यावर सुरू होत असे. चित्रण तर झाले. आता ते पडद्यापर्यंत न्यायचे कसे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/
जालना, अंबड किंवा भोकरदनमध्ये मोबाइलवर लघुपट करू पाहणारा विद्यार्थी आज पहिल्यांदा विचारतो, 'एडिटिंगला कुठले सॉफ्टवेअर घेऊ?' हा प्रश्न संगणकाइतकाच नवा वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात तो वेगवेगळ्या रूपांत १८९९ पासून विचारला जात आहे. प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर आपल्या खिशाला परवडेल असे शोधले.

३/
१८९६ मध्ये ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ मुंबईत झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. ते व्यवसायाने छायाचित्रकार. कॅमेरा त्यांनी इंग्लंडहून मागवला होता. भारतीय माणसाने केलेल्या अगदी आरंभीच्या चित्रणांत या कुस्तीची गणना होते.

४/
मात्र ही फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. आगबोटीने जाण्यायेण्यात आठवडेच्या आठवडे जात. चित्रण बिघडले असेल, तर ते कळेपर्यंत मल्ल आपापल्या गावी पोहोचलेले असणार. कॅमेरा मुंबईत होता, पण पुढची सगळी वाट परक्या शहरातून जात होती. पुढील सव्वाशे वर्षांचा संघर्ष ही वाट आपल्या अंगणात आणण्याचा आहे.

५/
ही वाट पहिल्यांदा घरात आणली ती त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि एप्रिलमध्ये परतले. त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यासोबत फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि फिल्म धुण्याची व छापण्याची सामग्री आणण्याची तजवीजही त्यांनी केली, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

६/
त्या काळी मिळणारी कच्ची फिल्म कडांना छिद्रे नसलेली असे. छिद्रांवाचून ती कॅमेऱ्याच्या दातांत बसत नसे, आणि उजेडात छिद्रे पाडावीत तर ती वाया जाई. म्हणून हे काम अंधाऱ्या खोलीत, केवळ हाताच्या अंदाजाने करावे लागे. सरस्वतीबाई फाळके ते शिकल्या आणि रात्री बसून करू लागल्या. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे.

७/
भांडवल मात्र नव्हते. सावकाराला विश्वास वाटावा म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्याची वाढ चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडली! हाच 'अंकुराची वाढ' हा लघुपट. यात संकलन वेगळे करावे लागले नाही, ते कॅमेऱ्यातच झाले होते. फिल्मचा एक इंचही वाया न घालवण्याची ही युक्ती होती.

८/
३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यामागे पत्नीचे दागिने होते, गहाण टाकलेली विमा पॉलिसी होती, आणि छिद्रणापासून छपाईपर्यंतचे प्रत्येक काम स्वतः करण्याची तयारी होती. एखादे काम बाहेर दिले असते, तर खर्चाबरोबर परावलंबनही वाढले असते.

९/
कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव याच वाटेने आणखी पुढे गेले. कॅमेरा विकत घेणे परवडेना, तेव्हा तो घडवायचाच असे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

१०/
यानंतर बोलपट आले, स्टुडिओ उभे राहिले, खर्च वाढला. संकलन हे कुशल संकलकाचे आणि महागड्या यंत्राचे काम बनले. गावातल्या हौशी माणसाला पुन्हा दार उघडायला व्हिडिओ कॅसेट यावी लागली. हे दार ज्यांनी ढकलले त्यांचे गाव फाळक्यांच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. जालन्याहून रेल्वेने मनमाडला उतरले, की तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर लागणारे मालेगाव.

११/
मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार चित्रपट पाहायला बाहेर पडतात. येथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' बनवला. तो २००० मध्ये आला. खर्च सुमारे ५० हजार रुपये सांगितला जातो. डाकूंसाठी घोडे आणणे शक्य नव्हते, तेव्हा डाकू सायकलींवर आले. प्रेक्षकांनी गर्दी केली.

१२/
संकलनासाठी त्यांच्याजवळ होते दोन व्हीसीआर. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिला चालवायचा, हवा तो तुकडा आला की दुसऱ्यावर रेकॉर्डचे बटण दाबायचे, तुकडा संपताच थांबवायचे. मग पुढचा तुकडा. बोट क्षणभर उशिरा पडले, तर पात्राचा पहिला शब्द गेला. या पद्धतीला रेषीय संकलन म्हणतात. त्यात मागे वळायला वाव नाही.

१३/
समजा, पन्नास तुकडे जोडून झाले आणि दहाव्यानंतर एक दृश्य राहून गेल्याचे ध्यानात आले. ते मध्ये घुसवता येत नाही, कारण टेपवर जागा रिकामी होत नाही. एक तर अकरावा तुकडा पुसून तिथूनच पुन्हा सुरुवात करायची, नाही तर तयार टेपची नक्कल करत नवा तुकडा घालायचा. पण प्रत्येक नकलेसरशी चित्र मळकट होते, रंग पसरतात, आवाजात खरखर वाढते.

१४/
म्हणून ज्याच्याजवळ दोन व्हीसीआर, त्याला सिनेमा आधी डोक्यात जोडावा लागे. 'शोले'चा क्रम आणि संवाद गावाला तोंडपाठ होते. विडंबनाची निवड विनोदासाठी झाली हे खरेच, पण तयार क्रम हाती असल्याचा फायदा संकलनालाही झाला असणार. साधने जेव्हा चूक सुधारू देत नाहीत, तेव्हा कथेची तयारी पक्की लागते.

१५/
नासिर पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'कडे वळले तेव्हा संगणक आला होता. हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागची पार्श्वभूमी बदलता येत होती आणि मागकामगार नायक आकाशात उडू शकत होता. फैजा अहमद खान यांनी या निर्मितीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. पुढे रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये देशभर प्रदर्शित झाला.

१६/
दरम्यान जगात काय घडले? १९८९ मध्ये ॲव्हिडची संगणकीय संकलन यंत्रणा आली. ती मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती. १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर आले. १९९५ च्या सुमारास डीव्ही ही डिजिटल टेप बाजारात आली. १९९९ मध्ये फायनल कट प्रो आणि आयमूव्ही, २००० मध्ये विंडोज मूव्ही मेकर. दहा-बारा वर्षांत कात्री स्टुडिओतून घरच्या टेबलावर आली.

१७/
पण टेपवरचे चित्रण संगणकात आणावे लागे. याला 'कॅप्चर करणे' म्हणत. कॅमेरा फायरवायर केबलने जोडायचा आणि टेप चालवायची. एका तासाची कॅसेट उतरवायला एकच तास लागे, घाई चालत नसे. त्या एका तासाला डिस्कवर सुमारे १३ जीबी जागा लागे. म्हणजे ४० जीबीची डिस्क जेमतेम तीन तासांत भरली!

१८/
त्यात विंडोज ९८ च्या काळातील फॅट ३२ या रचनेत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नसे. डीव्हीच्या हिशोबाने ही मर्यादा सुमारे १९ मिनिटांत गाठली जाई. शिवाय २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची होती. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी कॅप्चर अर्ध्यावर असताना वीज गेली, की टेप मागे गुंडाळून पुन्हा आरंभ. यूपीएस हेही तेव्हा संकलनाचेच साधन होते.

१९/
ही विद्या गावोगाव पोहोचवली ती लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओंनी. चित्रपटाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. पण खांद्यावरचा कॅमेरा, मिक्सिंगचे टेबल आणि पुढे संगणक, ही तिन्ही स्थित्यंतरे त्यांनी स्वतःच्या पैशांनी पार केली. लग्नसराई संपली की तोच कॅमेरा गावातल्या हौशी नाटकवाल्या पोरांच्या उपयोगी पडे.

२०/
आता सॉफ्टवेअरकडे. इतिहासाचा एक धडा नीट ध्यानात घ्यावा. २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आले आणि आधीच्या आवृत्तीतील प्रकल्प त्यात उघडेनात. २०१३ पासून ॲडोबीने आपली साधने भाडेतत्त्वावर नेली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर देणे बंद केले. सॉफ्टवेअरचे आयुष्य कंपनी ठरवते. आपल्या चित्रणाचे आयुष्य आपल्याला ठरवता आले पाहिजे.

२१/
म्हणून निवडीच्या कसोट्या सोप्या आहेत. आपल्या संगणकावर ते अडखळत नाही ना? तयार चित्रपट पाण्याच्या शिक्क्याविना बाहेर काढता येतो का? मासिक भाडे थांबले, तर काम अडकेल का? डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती समर्थ आहे, पण तिला ताकदीचा संगणक आणि चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त साधने साध्या संगणकावरही निभावून नेतात. मोबाइलवर काइनमास्टरसारखी ॲप आहेत.

२२/
संगणक अडखळतच असेल, तर नवा घेण्याआधी 'प्रॉक्सी'चा मार्ग पाहावा. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांच्यावर संकलन करायचे आणि शेवटी मूळ फाइलींवरून चित्रपट बाहेर काढायचा. ही कल्पनाही जुनीच आहे. फिल्मच्या काळी संकलक मूळ निगेटिव्हला हात न लावता छापलेल्या कामचलाऊ प्रतीवर कात्री चालवत. निगेटिव्ह कापली जाई ती अगदी शेवटी.

२३/
चित्रण करतानाही दोन गोष्टी सांभाळाव्यात. अनेक मोबाइल प्रकाशाप्रमाणे चौकटींचा वेग बदलत राहतात, त्यामुळे संकलनात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. वेग कायम ठेवणारे कॅमेरा ॲप वापरावे. दुसरी गोष्ट आवाजाची. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळणारा संवाद करत नाही. दुसरा मोबाइल पात्राच्या खिशात ठेवून आवाज स्वतंत्र मुद्रित करावा आणि प्रत्येक दृश्याआधी एक टाळी वाजवावी. पुढे त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतात.

२४/
शेवटी जतन. सावेदादांची ती कुस्ती आज कोणालाही पाहता येत नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, ती १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. लग्नाच्या स्टुडिओंतल्या असंख्य कॅसेटना बुरशी लागली आहे, आणि त्या वाचणारे व्हीसीआर आता दुरुस्तही होत नाहीत.

२५/
त्या कॅसेटींत केवळ वरात नाही. त्यात आज रुंदीकरणात गेलेले रस्ते आहेत, पडलेले वाडे आहेत, थकण्यापूर्वीचे आजोबा आहेत. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल, तर चालू व्हीसीआर मिळतो आहे तोवर ती संगणकात उतरवून घ्या. आणि नवे चित्रण कराल तेव्हा मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवा. जागा हवी म्हणून मूळ चित्रण पुसणे, हा आजच्या हौशी सिनेमाचा सर्वांत महागडा व्यवहार आहे.

२६/
जालन्याच्या रोलिंग मिलमधली रात्रपाळी, मोसंबीच्या बागेतली तोडणी, कुंडलिकेचा उन्हाळी काठ. हे चित्रित करायला मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. सावेदादांना आपली फिल्म लंडनला धाडावी लागली होती. आज चित्रणापासून पडद्यापर्यंतची सगळी वाट एका टेबलावर मावते. ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाही, असे साधन निवडावे आणि कामाला लागावे.