एक बेगम, तीन शेवट

डिसेंबर १९८५मध्ये अमेरिकेत ‘क्लू’ नावाचा एक विनोदी खूनपट लागला. वादळी रात्र, मोठा बंगला, खोट्या नावांनी बोलावलेले सहा पाहुणे, त्यांना ब्लॅकमेल करणारा सातवा आणि सगळ्यांना या खोलीतून त्या खोलीत पळवणारा बटलर. दिवे जातात, सातवा मरतो, मग प्रेतं वाढतच जातात. काळ १९५४चा, म्हणजे अमेरिकेत शेजाऱ्यालाही कम्युनिस्ट ठरवण्याचा हंगाम. दिग्दर्शक जोनाथन लिन, ‘येस मिनिस्टर’च्या दोन लेखकांपैकी एक.

या सिनेमाचे तीन शेवट केले होते आणि वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळा शेवट पाठवला होता. एका ठिकाणी खुनी एक, दुसरीकडे दुसरी. लोक तीनदा तिकीट काढतील असा हिशेब असावा. लोकांनी एकदाही धड काढलं नाही. दीड कोटी डॉलरचा खर्च तिकिटांतून निघाला नाही. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ जोडले, तिसरा तेवढा खरा अशी पाटी लावली, आणि मग हाच सिनेमा लोकांच्या लाडका झाला.

सिनेमा ज्या पटावरच्या खेळातून आला तो बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचला आणि १९४९मध्ये बाजारात आला. इंग्लंडमध्ये त्याचं नाव ‘क्लूडो’. ‘क्लू’ आणि ‘लूडो’ यांची ती गंमतीची जोडणी. अमेरिकेत लूडो फारसा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तिथे नुसतं ‘क्लू’ राहिलं. आणि लूडो म्हणजे दुसरं काय, आपली पचिसीच. कवड्या काढून फासा आणि डबी दिली की झाला लूडो. चौपड हा तिचाच भाऊबंद. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज़ल चौपडीच्या डावांबद्दल लिहितो, आणि फतेहपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर आखलेला भलामोठा पट आजही दाखवतात.

फतेहपूर सिक्री आमच्या रायगडापासून फार लांब. पण अकबराचा किल्ला आमच्याकडेही एकदा उभा राहिला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘जोधा अकबर’साठी नितीन चंद्रकांत देसाईंनी आपल्या एन. डी. स्टुडिओत आग्र्याचा किल्ला उभारला. सगळे त्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणतात. चौकजवळची ही जागा खरं तर खालापूरच्या हद्दीत. (तालुक्याच्या सीमेचा वाद आमच्याकडे मुघलांच्या वादापेक्षा जुना वाटावा इतक्या जोरात चालतो.) देसाई २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याच स्टुडिओत गेले. कोकणातल्या या माणसाने प्लास्टर आणि प्लायवुडचं आग्रा इतकं खरं केलं, की माझ्या ओळखीच्या कित्येकांच्या डोळ्यांसमोर अकबराचा दरबार म्हटलं की तोच येतो.

सिनेमा फेब्रुवारी २००८मध्ये आला आणि भांडण पेटलं. राजस्थानात तो दाखवूच दिला नाही. आक्षेप असा, की जोधा ही अकबराची बायकोच नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. ‘अकबरनामा’त १५६२मध्ये आमेरच्या राजा भारमलच्या मुलीशी अकबराचं लग्न झाल्याचं येतं, पण तिचं नाव जोधा असल्याचं कुठे नाही. जोधपूरची राजकन्या ती जहांगीरची बायको, शाहजहानची आई. एकोणिसाव्या शतकात कर्नल टॉडच्या राजस्थानवरच्या ग्रंथाने हा घोळ पसरवला आणि १९६०च्या ‘मुघल-ए-आज़म’ने तो पक्का केला. तिथली जोधाबाई आपल्या दुर्गा खोटे. त्यांना एकदा पाहिल्यावर कागदपत्रांचं कोण ऐकतो!

म्हणजे पहिला शेवट: ती जोधा, हिंदू-मुस्लिम एकीची नायिका. दुसरा: असं लग्न झालंच नाही, हे सगळं मुघलांचं कौतुक करणाऱ्यांनी रचलं. २०१७मध्ये तिसराही आला. लुईस द असीस कोरिया या गोव्याच्या लेखकाने पुस्तकात मांडलं, की जहांगीरची आई मुळात पोर्तुगीज होती, डोना मारिया मास्कारेन्हस. आता ज्याच्या त्याच्या थिएटरात ज्याचा त्याचा शेवट लागतो. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला, नाक्यावरच्या ग्रुपवर दुसरा. आणि आमचेही लोक पहिला शेवट पुरावा बघून नाही, बरा वाटतो म्हणून पुढे ढकलतात, हे मला सलतं.

‘क्लू’मध्ये खुनी कोण यावर दीड तास धावपळ होते, मेलेल्याबद्दल कुणी हळहळत नाही. इथेही तसंच. नावावर एवढं भांडण, पण ती बाई कशी होती हे कुणी विचारत नाही. तिची पदवी मरियम-उज़-ज़मानी. ती स्वतः जहाजांची मालकीण होती. तिचं ‘रहीमी’ नावाचं मोठं जहाज माल आणि हाजी घेऊन तांबड्या समुद्राकडे ये-जा करायचं. १६१३मध्ये पोर्तुगीजांचा परवाना जवळ असतानाही त्यांनी ते सुरतेजवळ पकडलं आणि प्रवाशांसकट गोव्याला नेलं. जहांगीर असा चिडला, की त्याने पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला आणि दमणला वेढा घालायला फौज पाठवली. बादशहाची आई आपल्याच रक्ताची असती, तर त्यांनी नेमकं तिचंच जहाज धरलं असतं का, हा प्रश्न तिसऱ्या शेवटाला विचारायला हवा. दुसऱ्या शेवटाला फारसी साधनं पुरेशी आहेत.

१६२३मध्ये ती वारली. तिचा मकबरा सिकंदऱ्यात, अकबराच्या मकबऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘रहीमी’वर मात्र अजून कुणी सिनेमा काढलेला नाही. जहाजाचा सेट चौकच्या त्या माळावर सहज मावेल.