कार्मिनची कुळकथा

आपल्याकडील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला अपृष्ठवंशीय प्राणी आणि पेशीविज्ञान हे विषय बहुधा दोन निराळ्या प्रश्नपत्रिकांच्या रूपाने भेटतात. एकीत ओबेलिया, यकृतकृमी, झुरळ आणि गोगलगाय यांची वर्गीकरणासह लक्षणे लिहावयाची, दुसरीत केंद्रक, तंतुकणिका आणि पेशीविभाजनाच्या अवस्था यांच्या आकृत्या काढावयाच्या, आणि या दोहोंचा परस्परसंबंध वेळापत्रकापुरताच, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत खोटी पाडणारा पुरावा प्रयोगशाळेतल्या फळीवर रोज उभा असतो. तो म्हणजे ‘अ‍ॅसिटोकार्मिन’ अशी चिठ्ठी डकवलेली तपकिरी काचेची बाटली. तिच्यातील गडद तांबड्या द्रवाने गुणसूत्रे रंगतात हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु तो रंग स्वतःच एका अपृष्ठवंशीय प्राण्याच्या देहातून निघालेला आहे, आणि ज्या किड्याचे वर्गीकरण पहिल्या प्रश्नपत्रिकेत शोभले असते त्याच्या आधाराने दुसरीतील निम्म्या आकृत्या प्रथम मानवी दृष्टीस पडल्या, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. ते सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

व्यापारात कोचिनील या नावाने ओळखला जाणारा हा कीटक मूळचा अमेरिका खंडाचा. डॅक्टिलोपियस कॉकस हे त्याचे शास्त्रीय नाव असून आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा पिठ्या ढेकूण आणि लाखेचा किडा हे त्याचे दूरचे भाऊबंद होत. मादीला पंख नसतात. बाल्यावस्थेत फड्या निवडुंगाच्या मांसल फडीवर एक सोयीची जागा पाहून ती आपली सोंड आत रुतवते, आणि त्यानंतर मरेपर्यंत तेथून हलत नाही. अंगावर मेणासारखी पांढरी भुकटी साचत जाते, आणि एखाद्याने बोटाने ती पुसून किडा चिरडला तरच आतला किरमिजी रंग प्रकट होतो. नराला पंख असतात, पण खाण्यास मुखांगे नसतात, आणि त्याचे प्रौढ आयुष्य थोड्या दिवसांत आटोपते. पळून जाण्यास असमर्थ अशा या मादीने स्वसंरक्षणाची जी तजवीज केली आहे ती रासायनिक आहे. तिच्या शरीरात कार्मिनिक आम्ल नावाचे द्रव्य साठलेले असते, आणि वाळलेल्या किड्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच द्रव्याचा भरतो. ते मुंग्यांना दूर ठेवते, हे टॉमस आइस्नर व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली प्रयोगाने दाखवून दिले. म्हणजे ज्या द्रव्याच्या मागे माणूस शतकानुशतके धावला त्याचे प्रयोजन त्याला इतक्या उशिरा उमगले.

मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक राजांना अंकित प्रांतांकडून येणाऱ्या खंडणीत या वाळलेल्या किड्यांच्या गोण्यांचा समावेश असे. १५२१ साली तो मुलूख स्पेनच्या ताब्यात गेला, आणि पुढे तेथून युरोपात जाणाऱ्या मालात मोलाने चांदीच्या खालोखाल या रंगाचा क्रमांक लागू लागला. ओआहाका प्रांतातील गावकऱ्यांना तेथले स्पॅनिश अंमलदार आगाऊ तगाई देत आणि हंगामात तिची वसुली किड्यांच्या रूपाने करीत. एका पौंडास सुमारे सत्तर हजार किडे लागतात हे ध्यानात घेतले, म्हणजे निवडुंगाच्या फडीवरून एकेक मादी हलक्या हाताने झाडून घेणाऱ्या त्या रयतेच्या श्रमांची काहीशी कल्पना येते.

जिवंत किडा मुलुखाबाहेर जाऊ नये याची सरकारने अशी कडेकोट दक्षता घेतली, की युरोपातील रंगारी दीडदोन शतके तो रंग वापरीत राहिले आणि तरीही हातातला सुरकुतलेला करडा दाणा बी आहे, फळ आहे की प्राणी, याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. डेल्फ्टच्या ल्यूवेनहूकने आपल्या भिंगाखाली तो पाहून आरंभी फळबीजाच्या बाजूने कौल दिला. पुढे रॉबर्ट बॉइलच्या सूचनेवरून पुन्हा बारकाईने तपासल्यावर तो कीटकाच्या बाजूस आला, आणि १७०४ साली त्याचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. तरीही वाद मिटला नाही. अखेर मेल्खियोर द रॉयशर या डच गृहस्थाने आपल्या मित्राशी पैज लावली, आणि ती जिंकण्यासाठी १७२५ साली थेट ओआहाकातील कोचिनील पिकवणाऱ्यांच्या शपथपूर्वक जबान्या नोंदवून आणवल्या. हे प्राणी आहेत, त्यांना पाय आहेत, ते पिल्ले घालतात, असे त्या लोकांनी एकमुखाने सांगितले; ते सर्व दस्तऐवज १७२९ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्राणिशास्त्रातील एखादा प्रश्न अदालतीच्या शिरस्त्याने, साक्षीपुरावा घेऊन, निकालात काढला गेल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. ज्यांनी तो किडा पिढ्यान् पिढ्या हाताळला होता त्यांना विचारण्याची बुद्धी युरोपीय पंडितांना इतक्या विलंबाने व्हावी, याचे मात्र मला दुःख वाटते.

या किड्याचा एक धागा आपल्या देशातही येऊन पोहोचला आहे. मद्रासचे मुख्य वैद्याधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८६ पासून या उद्योगाचा ध्यास घेऊन पत्रांमागून पत्रे धाडली, आणि सैदापेट येथे निवडुंगाची बागही उभी केली. परंतु किडा काही मिळेना. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथून काही किडे निवडुंगासह कलकत्त्यास आणले. प्रवासात बहुतेक मेले, थोडे जगले, आणि त्या थोडक्यांची वाढ झपाट्याने होऊ लागली. पुढे उघडकीस आले ते असे, की हा हवा असलेला पाळीव किडा नसून त्याचा रानटी भाईबंद, डॅक्टिलोपियस सिलोनिकस, होता. रंग निकृष्ट, उतारा कमी, आणि भूक मात्र एवढी, की निवडुंगाची एक जात त्याने ठिकठिकाणी जवळजवळ नामशेष करून टाकली. कंपनी सरकारचा रंगाचा बेत फसला. पण एका कीटकाकरवी तणाचा बंदोबस्त होऊ शकतो याचा जगातील बहुधा पहिला दाखला त्यातून मिळाला, आणि १९२६ साली दक्षिण हिंदुस्थानातील निवडुंगाच्या बंदोबस्तासाठी याच कुळातली दुसरी एक जात सिलोनातून बुद्धिपुरस्सर आणली गेली.

आता हा रंग कापडावरून काचपट्टीवर कसा आला ते पाहू. बर्लिनच्या एरेनबेर्गने पाण्यातील सूक्ष्म जीवांना या रंगाची, म्हणजे कार्मिनची, आणि निळीची पूड चारली, आणि त्यांच्या पारदर्शक देहांत रंगीत गोळ्यांच्या ओळी उमटलेल्या पाहून, या प्राण्यांना अनेक जठरे असतात असा सिद्धांत १८३८ सालच्या आपल्या भव्य ग्रंथात मांडला. सिद्धांत टिकला नाही. ती जठरे नसून अन्नरिक्तिका होत, हे आज पॅरामेशियमची आकृती काढणारा मुलगाही जाणतो. प्रयोग मात्र टिकला.

यानंतरचा टप्पा एर्लांगेनचा. तेथील शरीररचनाशास्त्रज्ञ योसेफ गेर्लाख हा रक्तवाहिन्यांत कार्मिनमिश्रित जिलेटिन भरून त्यांचे जाळे अभ्यासीत असे, आणि तसे करताना वाहिन्यांच्या भिंतीतील केंद्रके अधिक गडद रंगतात हे त्याच्या नजरेस आले होते. दाट द्रावणात बुडवलेले छेद सरसकट तांबडे होत आणि काहीच उमगत नसे. मग लहान मेंदूचा एक छेद अतिशय पातळ केलेल्या अमोनियायुक्त कार्मिनात अनवधानाने रात्रभर राहून गेला, आणि सकाळी त्यात चेतापेशी व त्यांची केंद्रके भोवतालच्या फिक्या द्रव्यातून स्पष्ट उठून दिसली. १८५८ साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली. रंगाचे बळ त्याच्या दाटपणात नसून निवडीत आहे, ही जी गोष्ट त्या रात्री निष्पन्न झाली तिच्यावरच पुढचे सगळे पेशीविज्ञान उभे राहिले, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. कारण केंद्रकाचा शोध रॉबर्ट ब्राउनने १८३१ सालीच लावला असला, तरी नुसते दिसणे वेगळे आणि शेकडो छेदांत हुकमी दिसणे वेगळे.

लवकरच डांबरापासून काढलेल्या रंगांचा सुकाळ झाला आणि कार्मिनची सद्दी संपणार असे वाटू लागले. ती संपली नाही, याचे श्रेय ग्रेनाखरच्या १८७९ सालच्या बोरॅक्स-कार्मिनला आणि नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात रंगद्रव्यांच्या अभ्यासास वाहून घेतलेल्या पाउल मायरला द्यावे लागेल. अखंड प्राणी छेद न घेता रंगवावयाचा असेल तर हा रंग खोलवर शिरतो, आणि जादा झालेला आम्लमिश्रित अल्कोहोलाने हळूहळू उतरवता येतो. आजही ओबेलियाच्या शाखा किंवा यकृतकृमीची आतडी ज्या गुलाबी स्थायी पट्ट्यांवर दाखवतात त्यांपैकी कित्येक बोरॅक्स-कार्मिनच्याच असतात.

राहिला अ‍ॅसिटोकार्मिन. पंचेचाळीस टक्के अ‍ॅसेटिक आम्लात कार्मिन उकळावे आणि निवल्यावर गाळून घ्यावे, एवढीच त्याची कृती. पेशी स्थिर करणे आणि रंगवणे ही दोन्ही कामे तो एकदम करतो, हा त्याचा गुण. आंतोन श्नायडरने १८८० साली ही रीत प्रचारात आणली, पण तिला गुणसूत्रांच्या मोजणीचे साधन बनवले ते कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे धोत्र्याच्या गुणसूत्रांवर काम करणाऱ्या जॉन बेलिंगने. १९२१ सालच्या एका छोट्या टिपणात आणि पुढे १९२६ साली सविस्तर, त्याने सांगितले, की द्रावणात लोहाचा अंश असला म्हणजे गुणसूत्रे कितीतरी गडद होतात.

इकडे १८८१ सालीच बाल्बियानी या फ्रेंच संशोधकाने कायरोनोमस या माशीच्या अळीच्या लाळग्रंथींत आडवे पट्टे असलेल्या जाड दोऱ्या पाहिल्या होत्या. परंतु त्या काय असाव्यात हे अर्धशतकभर कोणासच नीट उलगडले नाही. १९३३ साली जर्मनीत हाइट्स व बाउअर यांनी आणि टेक्सासमध्ये पेंटरने, स्वतंत्रपणे, त्या दोऱ्या म्हणजे जाडावलेली गुणसूत्रेच होत हे दाखवले. पेंटरने फळमाशीच्या अळीच्या ग्रंथी अ‍ॅसिटोकार्मिनात रंगवून काचेखाली दाबल्या होत्या. त्याच पट्ट्यांवरून १९३५ साली ब्रिजेसने फळमाशीच्या गुणसूत्रांचे १०२ विभाग पाडून नकाशा आखला, आणि ते क्रमांक आजचे संशोधकही वापरतात.

आपल्याकडे हा प्रयोग बहुधा कायरोनोमसवरच करतात, कारण त्याच्या तांबड्या अळ्या साचलेल्या गढूळ पाण्यात फुकट मिळतात. काचपट्टीवर मिठाच्या सौम्य द्रावणाच्या थेंबात अळी ठेवून एक सुई तिच्या धडावर दाबावी, दुसरी डोक्यामागे रोवून डोके सावकाश पुढे ओढावे. आतड्याबरोबर दोन पारदर्शक, चपट्या ग्रंथी बाहेर येतात, आणि तीसचाळीसच पेशींच्या या ग्रंथी पांढुरक्या मेदापासून ओळखण्यास विद्यार्थ्याची नजर थोडी तयार व्हावी लागते. नंतर अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब, काही मिनिटांची प्रतीक्षा, आच्छादक काच, वर टिपकागद, आणि अंगठ्याचा सरळ, न सरकणारा दाब. पट्टे फिके उमटले तर नवी ग्रंथी घेऊन काच ठेवण्यापूर्वी त्या थेंबात जरा गंजलेली पोलादी सुई फिरवावी. बेलिंगला हवे असलेले लोह त्या गंजातून मिळते, आणि थेंब तांबड्याचा जांभळट होताच ती बाहेर काढावी.