मालक नसलेल्या ओळी

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण इतिहासाच्या नादी मी तिच्यामुळेच लागलो.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या नव्या मुलाच्या लॅपटॉपवर आमचं एक टेस्टिंगचं टूल पाच-दहा मिनिटं चालायचं आणि मग नवीन कनेक्शनच होईना. मी टीसीपीव्ह्यू उघडलं. संगणकावरचं कुठलं कनेक्शन कुठल्या प्रोग्रॅमने उघडलंय हे दाखवणारं हे छोटंसं टूल. बघतो तर हजारो ओळी! सगळ्यांची अवस्था 'टाइम वेट', प्रोसेसच्या रकान्यात प्रोग्रॅमचं नाव नाही आणि पीआयडी शून्य.

आधी वाटलं टूलच गंडलंय. पुन्हा डाउनलोड केलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं. तेच. मग मी छातीठोकपणे जाहीर केलं, "याच्या मशीनवर काहीतरी लपून बसलंय." तो बिचारा म्हणत होता, "अरे, मी काहीच इन्स्टॉल केलेलं नाही." लॅपटॉप फॉरमॅट झाला. त्याचं तीन दिवसांचं काम कुठेच कॉपी केलेलं नव्हतं, ते गेलं. सोमवारी कोऱ्या विंडोजवर आमचं टूल चालवलं आणि पुन्हा त्याच बिनमालकाच्या ओळी हजर!

मग मात्र मी मुळाशी गेलो.

हे मूळ सापडतं सप्टेंबर १९८१ मध्ये. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९३ हा दस्तऐवज, म्हणजे टीसीपीची घटनाच म्हणा ना. त्यात लिहिलंय की जो आधी कनेक्शन बंद करतो, त्याने लगेच सगळं विसरून जायचं नाही, काही काळ थांबायचं. का? समजा भाडेकरू खोली सोडून गेला आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याच नावाचा दुसरा माणूस ठेवला, तर जुन्या माणसाची उशिरा आलेली पत्रं नव्याच्या हातात पडणार. नेटवर्कवरही रेंगाळलेली पॅकेट्स उशिरा येतात. शिवाय आपण पाठवलेली शेवटची पोच वाटेत हरवली, तर समोरचा पुन्हा विचारणार. त्याला उत्तर द्यायला कोणीतरी हवं. म्हणून खोली काही काळ रिकामी ठेवायची. हाच तो टाइम वेट.

किती काळ? पॅकेट नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त दोन मिनिटं जगेल असं धरलं आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटं थांबायचं ठरवलं. गंमत म्हणजे दोन मिनिटांचा आकडा हा आमचा इंजिनिअरिंगचा निर्णय आहे, अनुभवाने बदलायला हरकत नाही, असं तिथेच कबूल केलंय. पुढे तसंच झालं. लिनक्सने ६० सेकंदांवर भागवलं. जुन्या विंडोजने मात्र २४० सेकंद पाळले. एक्सपीपर्यंत बाहेर जाणाऱ्या कनेक्शन्ससाठी पोर्ट होते १०२५ ते ५०००, म्हणजे जेमतेम ३९७६. भागाकार करून बघा: सेकंदाला सोळा-सतराहून जास्त कनेक्शन्स उघडून बंद करत राहिलात की चार मिनिटांत पोर्ट खलास! व्हिस्टापासून ही संख्या १६,३८४ झाली.

आता बिनमालकाच्या ओळींकडे येऊ. कनेक्शन्सची यादी दाखवणारी नेटस्टॅट ही कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट टीसीपीवर गेलं होतं. तेव्हा प्रश्न 'कनेक्शन आहे का' एवढाच होता. 'कोणाचं आहे' हा प्रश्न महत्त्वाचा झाला तो घरोघरी इंटरनेट आणि त्याच्या मागोमाग व्हायरस आल्यावर. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, पुढे सिसइंटर्नल्स नावाने गाजलेल्या साइटवरून टीसीपीव्ह्यू लोकांपर्यंत पोचलं. नवं कनेक्शन हिरवं, अवस्था बदललेलं पिवळं, गेलेलं लाल. विंडोजच्या नेटस्टॅटला पीआयडी दाखवणारा '-ओ' मिळाला तो २००१ च्या एक्सपीत. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकतच घेतलं.

पण टाइम वेटमधल्या कनेक्शनला मालक उरलेलाच नसतो. प्रोग्रॅमने ते केव्हाच सोडलेलं असतं, कधी कधी प्रोग्रॅमही बंद झालेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम ती खोली राखत बसलेली असते. म्हणून पीआयडी शून्य. टूल गंडलेलं नव्हतं, काही लपवतही नव्हतं. 'इथे आता कोणी राहत नाही' एवढंच ते सांगत होतं आणि ते खरंच होतं.

मग त्या हजारो खोल्या रिकाम्या केल्या कोणी? प्रत्येक रेकॉर्डसाठी नवं कनेक्शन उघडून लगेच बंद करणाऱ्या कोडने. तो कोड कोणाचा? अस्मादिकांचा! पलीकडचा पत्ता आमच्याच सर्व्हरचा होता, तोही सगळ्या ओळींत. पहिल्याच दिवशी तो रकाना वाचला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एकच कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरायचा बदल केला. वीसेक ओळींचं काम. टीसीपीव्ह्यूची खिडकी शांत झाली. मग त्या मुलाकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, तुझी नाही. तो हसला. त्याचे तीन दिवस मात्र परत आले नाहीत. त्यातला दीड दिवस मी त्याच्या शेजारी बसून भरून काढला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये. स्क्रीनवर न कळणारी गोष्ट दिसली की 'हे कोणी केलं' विचारायच्या आधी 'हे असं का दाखवतात' ते शोधायचं. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं असतं, आपण ते उघडत नाही एवढंच.

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.