पेडव्यांचे पहिले दिवस

देवगडच्या बाजारात पेडवे कसे मिळाले, यावर गरिबाघरचं जेवण ठरतं. पेडवे म्हणजे तारली. मी कवी माणूस, जाळं कधी टाकलेलं नाही. पण या माशाच्या येण्या-जाण्याचं कोडं मला नेहमी पडतं.

कोडं जुनं आहे. गेल्या शतकाच्या चाळिशीत मलबार किनाऱ्यावर तारली फार रोडावली. १९४३ मध्ये मद्रास सरकारने ती धरण्यावर निर्बंध घातले. दोष मच्छीमारांच्या जाळ्याकडे गेला. खरं तर १९१४ मध्येच नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी दुसरी वाट दाखवली होती. माशांचं पीक किती येणार, हे बरंचसं पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांत ठरतं, असं त्यांचं म्हणणं.

अंड्यातून निघालेल्या इवल्याशा पिल्लाची शिदोरी म्हणजे पोटाखालचा बलक. तो दोन-तीन दिवसांत संपतो. मग समोर सूक्ष्म प्लवक हवेत. पावसाळ्यात मलबारकडे खालचं थंड, सकस पाणी वर येतं, प्लवक वाढतात. तारलीची वीणही तेव्हाचीच. पण वरचं पाणी फार तापलं, तर ते झाकणासारखं बसतं. उष्म्याने पिल्लाची भूक वाढते आणि ताट मात्र रिकामं.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. त्यात २०१५ चा एल निनो आला. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती; २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. पुढे ती पुन्हा वाढली.

म्हणजे जाळं निर्दोष, असं नाही. आमच्याकडे पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा तंटा खरा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंधही आणले. पण समुद्र तापलेल्या वर्षी आधीच थोडी पिल्लं जगलेली असतात. तीही आपण ओढली, तर पुढच्या वर्षी अंडी घालायला कोण उरणार? केरळात दहा सेंटिमीटरहून लहान तारली धरायला मनाई आहे. पाण्याचा ताप उतरवणं देवगडच्या हाती नाही. लहान पेडवे पाण्यात राहू देणं आहे.