चांदमारी : लक्ष्यापलीकडील जमीन

जळकोट हे आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. निजामी अमदानीत या मुलखाच्या पश्चिमेस मोमिनाबाद, म्हणजे आंबेजोगाई, येथे आणि उत्तरेस हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या; हिंगोलीची छावणी १९०३ पर्यंत टिकली. छावणी म्हटली की चांदमारी आलीच. चांद म्हणजे लक्ष्यफलकावरील गोल खूण. तिच्यावर नेम धरून मारा करावयाचा, ती चांदमारी. आपल्याकडे हा शब्द स्थलनाम होऊन राहिला. त्यामागील व्यवस्थेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

निजामाशी झालेल्या तहाने १८५३ मध्ये कंटिंजंटला कायम रूप आले. त्याच वर्षी इंग्लंडात हाइथ येथे नेमबाजीची लष्करी शाळा निघाली आणि एन्फील्ड रायफलचा नमुना ठरला. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर यार्डांपलीकडे नसे. एन्फील्डवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. (हिंदी पलटणींच्या हाती नवी हत्यारे नेहमीच मागाहून पडली, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.)

त्या काळी लक्ष्य लोखंडी पत्र्याचे असे. मऊ शिशाची गोळी त्यावर आदळून फुटे आणि तिचे तुकडे चहूकडे उडत. गोळी कोठे लागली हे पाहून सांगणारा मार्कर जवळच आडोशाला बसे. तांबडा बावटा दाखवून मारा थांबला, की बाहेर येऊन तो लक्ष्यावर पुन्हा पांढरा रंग फाशी. खुणेची एक चूक झाली, की तिची किंमत त्यालाच मोजावी लागे.

पुढे लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे लक्ष्य आले. मार्कर खंदकात उतरला. एक चौकट वर गेली की दुसरी खाली येई. छिद्रावर कागद चिकटवून तो लांब काठीच्या चकतीने गुण दाखवी. मार्कर सुरक्षित झाला खरा, परंतु गोळी आता लक्ष्यावर थांबेना. तिला अडविण्याचे काम मागील मातीच्या बांधावर आले. बालाघाटासारख्या मुरमाड, काळ्या पाषाणाच्या मुलखात हे काम सोपे नव्हे. बांधाच्या तोंडाशी दगड राहिला, तर गोळी उसळून भलतीकडे जाते. काळी माती घातली, तर ती पावसाळ्यात खचते. म्हणून दगड वेचून काढलेली माती आणि दरसाल डागडुजी, या दोन्ही गोष्टी अपरिहार्य ठरतात.

१८८८ नंतर .३०३ बोअरच्या रायफली आल्या. त्यांची गोळी तीन हजार यार्डांहूनही पुढे, म्हणजे पावणेतीन किलोमीटरांपलीकडे, जाऊ शके. एवढी जमीन छावणीच्या मालकीची क्वचितच असावयाची. बांधामागे शेते, पाणंद, गायरान यांपैकी काही तरी असेच. प्रश्न आता नेमबाजाचा उरला नव्हता, कुणब्याचा झाला होता. तथापि मोकळ्या रानातील गोळीबार व तोफांचा सराव यांसंबंधीचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात झाला तो १९३८ मध्ये. त्यात क्षेत्राची अधिसूचना, नुकसानभरपाई आणि धोक्याचा पट्टा या तरतुदी आल्या. त्या पट्ट्यातून माणसांबरोबर पाळीव जनावरेही हलविण्याची जबाबदारी कलेक्टरावर टाकलेली आहे. सेनाधिकारी पट्टा ठरवितो आणि महसुली अधिकारी तो रिकामा करवितो, अशी ही वाटणी आहे.

आज स्पर्धांतील इलेक्ट्रॉनिक लक्ष्य गोळीची जागा स्वतःच टिपते. खंदकातील माणसाची गरज उरलेली नाही. बांध मात्र तेथेही लागतोच.